सव्वा सूत

परमेश्वराने हे जग कुठल्या तरी एकाच मापात घडवलं असेल, तर ते माझ्या थोरल्या साडूंना विचारून घडवलेलं नाही. त्यांना विचारलं असतं तर प्रत्येक डोंगर एकदा मीटरमध्ये आणि एकदा फुटांत मोजून मगच जागेवर ठेवावा लागला असता, आणि सृष्टीचं काम अजून पाया खणण्यातच अडकलेलं असतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोलादपूरच्या बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी महाडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. साडू हे नातं मुळात तुलना करण्यासाठीच निर्माण झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सासुरवाडीच्या पंगतीत दोन जावई शेजारी बसले की कोणाच्या पानात वड्या जास्त पडल्या, हे बघण्यात जेवणाची निम्मी मजा जाते. आमचे साडू पानात काय पडलं ते बघतच नसत. ते पान मोजत. "दीड फुटाचा पान हाय, म्हणजे पंचेचाळीस पूर्णांक बहात्तर सेंटीमीटर," असं मला हळूच सांगून ते शांतपणे वरणभात कालवायला घेत.

'म्हणजे' हा शब्द आपण सगळेच वापरतो, आणि बहुतेक वेळा पुढे काही सुचत नसलं की वापरतो. साडूंच्या तोंडून तो बाहेर पडला की मात्र मागोमाग दुसरं माप येणार हे ठरलेलं. महाडहून पोलादपूर किती लांब? "अठरा किलोमीटर, म्हणजे अकरा मैल दीड फर्लांग." फर्लांग हा शब्द ऐकलेली माणसं आमच्या तालुक्यात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील, पण साडूंना त्याचं काही नाही. आम्ही नवा टीव्ही घेतला तेव्हा त्यांनी चित्र कसं दिसतं ते विचारलं नाही. "बत्तीस इंची काय? म्हणजे एक्क्याऐंशी पूर्णांक अठ्ठावीस," म्हणाले आणि चहा घेऊन निघून गेले. पेपरात पावसाचा आकडा आला की त्यांना चेव येई. "तीनशे मिलिमीटर, म्हणजे पावणेबारा इंच नि वर अर्धा सूत." सूत हे सुतार-गवंड्यांचं माप, इंचाचा आठवा भाग. पावसाला सूत लावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. एकदा वैतागून मी विचारलं, की एका मापात सांगून भागत असताना दुसऱ्याची उठाठेव कशाला? साडूंना माझी कीव आली असावी. म्हणाले, "अहो, मीटर सरकारचा नि फूट आपला. एकालाच बोलावला तं दुसऱ्याला वाईट वाटायचा. दोघांचा मान ठेवायला नको?" लग्नात दोन्हीकडच्या व्याह्यांना एकाच वेळी नारळ देणाऱ्या माणसाचा असतो, तसा त्यांचा चेहरा होता.

दुकानात तर त्यांच्या या व्रताला नुसतं उधाण येई. आमच्याकडे पाइप जाडीला इंचात मिळतो आणि लांबीला मीटरात, प्लायवूड आठ बाय चार फुटांचं पण जाडी मिलिमीटरमध्ये. शिवाय डोंगरातल्या वाड्यांमधून खाली उतरणारा माणूस सोबत यातलं काहीच आणत नाही. तो वीत आणतो, हात आणतो, नाहीतर "माझ्या खांद्याच्या जरा वर" असं सांगून खांदाच पुढे करतो. एकदा भर पावसात एकजण पडवीच्या पत्र्याचं माप सुंभाला गाठ मारून घेऊन आला. साडूंनी सुंभ हातात घेतला, चिमटीत दाबून पाणी काढलं आणि मोजायला साफ नकार दिला. "भिजलेला सुंभ आखडतो रे. आधी वाळू दे." मग तो सुंभ पंख्याखाली दोन खिळ्यांवर ताणून बांधला गेला. गिऱ्हाईकाने दोनदा चहा घेतला, एक डुलकी काढली, गावाकडे जाणारी शेवटची एसटी त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली. संध्याकाळी सुंभ वाळला, माप निघालं, ते दोन्ही भाषांत त्याला ऐकवण्यात आलं, आणि मग बिचाऱ्याला मुक्कामाला साडूंच्याच घरी जावं लागलं. आक्कांनी त्याला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. पत्रा मात्र असा बसला म्हणे की पुढच्या पावसात तो माणूस मुद्दाम काकड्या घेऊन आला.

आक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी, साडूंची बायको. या दोघांचं लग्न ठरलं कसं, हे माझ्या बायकोने दाराआडून स्वतः पाहिलं आहे. बघण्याच्या कार्यक्रमात मोठी माणसं म्हणाली, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू दे. साडूंनी एकच प्रश्न विचारला, उंची किती. "पाच फूट एक इंच," मुलगी म्हणाली. "म्हणजे एकशे चोपन्न पूर्णांक चौऱ्याण्णव सेंटीमीटर," मुलगा म्हणाला. मुलीने मान खालीच ठेवली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "एकशे पंचावन्न म्हटलान तर काय बिघडंल?" साडूंनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "सहा शतांश बिघडंल." माझ्या सासऱ्यांना वाटलं, संपलं, मोडलं. पण आत गेल्यावर मुलगी भिंतीला टेकून पोट धरून हसत सुटली, आणि हसता हसताच तिने होकार कळवला.

आक्का ब्लाऊज शिवायच्या. पोलादपुरातल्या दोन आळ्यांतल्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. शिवणाच्या टेपला एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. आक्कांनी टेप उलटा करून वापरल्याचं कोणी पाहिलं नाही. त्या इंचातल्या, आणि त्याहून जास्त बोटांतल्या. "काखेत बोटभर ढिला ठेवते गो," त्या एखादीला सांगायच्या आणि पलीकडून सुपारी कातरत बसलेले साडू विचारायचे, "कोणाचा बोट?" मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी मशीन खडखडत असायचं आणि त्याच्या आवाजावर दोघांचा हा वाद चाललेला असायचा. तिसऱ्या माणसाला त्यात शिरायला जागा नसायची. मी कित्येकदा तिथे बसून नुसता चहा पिऊन उठलो आहे.

महाडात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी मी आणि बायको पोटमाळ्यावर जीव मुठीत धरून बसलो होतो. साडूंचा फोन आला. "पाणी किती हाय?" मी म्हटलं, छातीपर्यंत. "कोणाच्या छातीपर्यंत? तुमच्या का धाकटीच्या?" बुडत्या माणसाला हा प्रश्न विचारणाऱ्या साडूवर मी काय तोंडसुख घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, रस्ते बंदच होते, आणि चिखल तुडवत दोन माणसं आमच्या दारात आली. साडूंच्या डोक्यावर पाण्याचा कॅन आणि आक्कांच्या डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. पोलादपूरहून चालत. आक्का दारातच मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "निम्मा रस्ता यांनी मैलात मोजलान नि निम्मा किलोमीटरात. किलोमीटर बरे सरतात गो. मैल काय सरत नाय." त्या चिखलात, भिजलेल्या संसाराच्या मधोमध उभं राहून आम्ही चौघं हसलो.

अशा माणसावर लिहावं, लोकांना हसवावं आणि इथेच थांबावं, असं मला फार वाटतं. पण त्यांची खरी गोष्ट इथून पुढेच आहे, आणि ती मला एकट्याला ठाऊक आहे.

आक्कांच्या पोटात दुखायला लागलं. पोलादपूरच्या डॉक्टरांनी महाडला पाठवलं, महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला. माझी गाडी होती म्हणून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मुंबईच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी साडूंना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ आहे, चांगली नाही, आणि आकार चार पॉइंट दोन सेंटीमीटर आहे. "म्हणजे एक इंच सव्वापाच सूत," साडू म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "काय?" साडू म्हणाले, "काय नाय." तो आकडा त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेला होता; त्याचा अर्थ नंतर, भिंतीला हात टेकल्यावर, त्यांच्यापर्यंत पोचला.

आक्का बाकावर बसल्या होत्या. आम्हाला येताना पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि बाजारात मेथीची जुडी विचारावी तसं विचारलं, "किती हाय?"

"दीड इंच," साडू म्हणाले.

मी स्टोअरचा माणूस. नट-बोल्ट कमी भरले तर मला झोप लागत नाही. एक इंच सव्वापाच सूत आणि दीड इंच यांच्यात सव्वा सुताचा फरक आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं. सहा शतांशासाठी स्वतःचं लग्न पणाला लावणाऱ्या माणसाने सबंध सव्वा सूत गिळलं होतं. गाडी काढायच्या आधी आम्ही टपरीवर चहा घेतला तेव्हा मी विचारलं, "साडू, इंचात का सांगितलंत?" ते म्हणाले, "सेंटीमीटरमधी आकडा मोठा दिसतो हो. चार म्हटला की माणूस घाबरतो. दीडला कोण घाबरत नाय." मी म्हटलं, "आणि सव्वा सूत?" त्यांनी कप खाली ठेवला. "ता राहू द्या," म्हणाले. चहाचे पैसे देताना पुन्हा म्हणाले, "धाकटीला सांगू नका. तिच्या तोंडात तीळ भिजत नाय." माझ्या बायकोबद्दलचं हे विधान खरं असल्यामुळे मी कबूल झालो.

उपचार सुरू झाले. आक्कांचे केस गेले, जेवण गेलं, पण पुढच्या तपासणीत डॉक्टर खूश होते. गाठ तीन पॉइंट आठवर आली होती. साडूंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांचा उजळलेला चेहरा पडला. तीन पॉइंट आठ म्हणजे बरोब्बर दीड इंच. आणि दीड इंच तर ते गेल्याच वेळी सांगून बसले होते! दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मनासारखी बातमी हातात आली होती, तीही खोट्या मापाशिवाय सांगण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती. मला तिथे, कॉरिडॉरमध्ये, हसू आलं. साडूंनाही आलं. दोघं तोंडावर रुमाल धरून हसलो आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. आक्कांनी विचारलं, "किती हाय?" साडू म्हणाले, "सव्वा इंच."

त्यानंतर खरी चांगली बातमी आली नाही. गाठ पाच पॉइंट एक झाली, तेव्हा साडूंनी एक इंच सांगितलं. सहा पॉइंट चार झाली, तेव्हा पाऊण इंच सांगितलं. गाठ वाढत होती आणि इंच आटत होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, आता घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते खायला द्या, असं सांगितलं. तेव्हा साडू खिडकीशी उभे राहून बोटांवर काहीतरी मोजत होते. खरं माप एका बाजूला, सांगायचं माप दुसऱ्या बाजूला, आणि मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते तिसऱ्या बाजूला. एवढं अवघड रूपांतर त्यांनी दुकानात कधी केलं नव्हतं. परत येताना गाडीत ते मला म्हणाले, "साडू, आता याच्याखाली जायला जागा नाय. अर्धा इंच सांगितला तं तिला वाटायचा बरी झाली, नि उद्या उठता आला नाय की मंग काय सांगू?" मी कशेडी घाटाकडे निघालेल्या ट्रकांच्या मागे गाडी ठेवून नुसता चालवत राहिलो.

इकडे माझ्या बायकोला पाऊण इंचाचा आनंद झाला होता. तिने बहिणीसाठी साडूंच्या मूळ वाडीतल्या देवीला नवस बोलला होता, की गाठ निम्मी झाली तर ओटी भरीन आणि नारळांचं तोरण बांधीन. दीडाचं पाऊण म्हणजे बरोब्बर निम्मं. ती हटूनच बसली. साडूंनी नाना कारणं काढली, रस्ता खराब आहे, आक्कांना झेपणार नाही. पण खरं कारण सांगायची सोय नव्हती. शेवटी आम्ही चौघं उमरठच्या पुढे डोंगरातल्या त्या वाडीत गेलो. शेवटच्या चढाला आक्कांना खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं.

त्या वाडीत नवस फेडायची एक रीत आहे. देवीपुढे नुसता नारळ ठेवून चालत नाही. आधी काय होतं आणि आता काय आहे, ते घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं; गुरव ते गाऱ्हाण्यात मोठ्याने देवीला ऐकवतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. म्हातारे गुरव हात जोडून उभे राहिले आणि साडूंना म्हणाले, "किती व्हती नि किती ऱ्हायली, ता सांगा. देवीसमोर बोलायचा हाय, नीट माप सांगा. तुम्हाला काय सांगायला नको."

साडू उभे राहिले. समोर देवी, बाजूला बायको. देवीला खोटं सांगायचं, की बायकोला खरं? माझ्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, वाडीतली माणसं वाट बघत राहिली. आणि मग इतक्या वर्षांची जीभ आपल्या वळणावर गेली. "सहा पॉइं..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि ते थांबले.

"सहा काय भावोजी?" माझ्या बायकोने विचारलं.

"सहा महिने झाले म्हणतायत ते," खुर्चीतून आक्का म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण ठाम होता. "गुरवानू, तुम्ही म्हणा. दीड इंच व्हती, पाऊण इंच ऱ्हायली. म्हणा जोरात."

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. साडूंनीही म्हटलं, पण त्यांच्या तोंडातून आवाज फुटला नाही.

तोरण बांधणं, ओटी भरणं चाललं होतं तेव्हा मी आक्कांजवळ बाहेर बसलो. त्या समोरच्या डोंगराकडे बघत होत्या. माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "भावोजी, ती सोनोग्राफीवाली मॅडम मशीन फिरवता फिरवता बाजूच्या मुलीला आकडा सांगते. मोठ्यानं. ती लिवून घेते. मी तिथंच झोपलेली असते की." मग म्हणाल्या, "इंग्रजीत सांगते, पण आकडे मला येतात. नि टेपच्या मागं काय असतंय, ता जन्मभर हातात धरून मला ठाव नसंल?" म्हणजे सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी विचारलं, "मग साडूंना बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" आक्का म्हणाल्या. "अख्ख्या तालुक्याला बरोबर माप सांगितलान त्यांनी. पत्र्याला, पाइपाला, पावसाला. कधी कोणासाठी सूतभर चुकले नायत. माझ्यासाठी चुकतायत. चुकू दे." आणि पुढे म्हणाल्या, "त्यांना कळू देऊ नका. मला ठाव हाय म्हणून समजला तर त्यांना सांगायला काय उरणार नाय." मी देवळाकडे बघितलं. त्यांना ते कळलं असावं. "देवीची काळजी करू नका," म्हणाल्या. "तिथं मी बोललेय. त्यांनी नाय."

पुढे मुंबईला एकदाच जाणं झालं. तेव्हाही सोनोग्राफीच्या टेबलावरून उतरून, भिंतीचा आधार घेत आक्का बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "किती हाय?" साडू म्हणाले, "तेवढीच हाय. पाऊण." आक्कांनी समाधानाने मान हलवली. मी दोघांच्या मधे उभा होतो. असं प्रेम मी आमच्या घराण्यात दुसरं पाहिलं नाही आणि मला ते कोणाला सांगताही येत नव्हतं. भाताची कापणी सुरू व्हायच्या आधी आक्का गेल्या.

साडू रडले नाहीत. आलेल्या माणसांना पाणी दिलं, विधी केले, आणि दिवस झाल्यावर दुकानात जाऊन उभे राहिले. पण काहीतरी बिनसलं होतं. मी एकदा सहज दुकानात गेलो तर मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या साडूंना एखादा डॉक्टर दाखवा हो. बोलत नाहीत." बघतो तर खरंच. गिऱ्हाईकाने अर्धा इंची पाइप मागितला की ते अर्धा इंची पाइप देत आणि गप्प बसत. 'म्हणजे' नाही, मिलिमीटर नाही. कोणी मीटर मागितला तर मीटर. ज्या बडबडीला आम्ही सगळे इतकी वर्षं कंटाळलो होतो, ती थांबल्यावर दुकान पोरकं वाटायला लागलं. जुनी गिऱ्हाइकं पैसे दिल्यावरही काउंटरपाशी जरा वेळ उभी राहत, काहीतरी मिळायचं बाकी असल्यासारखी.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी त्यांना चार दिवस महाडला घेऊन जावं म्हणून त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. यायला तयार नव्हते. मी पुन्हा आग्रह केला तेव्हा म्हणाले, "साडू, मी तिला फसवली."

मी म्हटलं, असं बोलू नका.

"फसवलीच. शेवटपर्यंत पाऊण इंच सांगत ऱ्हायलो. खरा कळला असता तं ती माहेरी चार दिवस जाऊन राह्यली असती. धाकटीला जवळ घेऊन बसली असती. मला काय सांगायचा असंल, ता सांगितला असता. माझ्या खोट्या मापावर इसंबून बसली नि काय न बोलता गेली. जन्मात एकदा चुकीचा माप दिला, नि ता तिला दिला."

आक्कांनी मला सांगितलं होतं, कळू देऊ नका. मी ते त्या दिवसापर्यंत पाळलं होतं. पण आक्कांनी हा माणूस असा ओट्यावर बसलेला पाहिला नव्हता. पाहिला असता तर त्यांनीच मला कोपराने ढोसून बोलायला लावलं असतं, असं मला वाटलं, आणि मी बोललो.

"साडू, आक्कांना माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून. ती मॅडम आकडा मोठ्याने सांगायची. आक्का ऐकायच्या. देवळाबाहेर मला त्यांनी स्वतः सांगितलं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

ते रागावतील, असं मला वाटलं होतं. उठून आत जातील असंही वाटलं. पण ते समोरच्या अंगणात माती उकरणाऱ्या कोंबड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी अगदी हळू, मला नव्हे तर स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं, "मंग टेबलावरनं उतरली की दर येळी मला कशाला इचारायची, किती हाय म्हणून?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते दुसऱ्या कोणी देण्यासारखं नव्हतं.

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "मला सांगता यावा म्हणून."

आणि मग साडू रडले. आक्का गेल्या तेव्हा रडले नव्हते, ते सगळं त्या दुपारी रडले. मी आत जाऊन माठातलं पाणी घेऊन आलो आणि त्यांचं रडून होईपर्यंत तांब्या हातात धरून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.